मेपलची काकवी आणि सेंद्रियतेचा दाखला

व्यापारी मालाची पारख दोन प्रकारांनी करीत असतो. गुळाची ढेप फोडून रवा पाहावा, हळकुंड मोडून आतला रंग पाहावा, मूठभर तांदूळ तळहातावर घेऊन कणी किती ते अजमावावे, ही पहिली पारख. ती डोळ्यांची, जिभेची व हाताची आहे, आणि आपल्या वडीलधाऱ्यांनी ती आपणांस पेढीवर बसवून शिकविली आहे. परंतु मालाचे काही गुण असे असतात की ते इंद्रियांना कळत नाहीत. हे पीक कोणाच्या रानात आले, त्यावर काय फवारले, ते कोणत्या भांड्यात शिजले, वाटेत त्यात दुसरा माल मिसळला की काय, या प्रश्नांची उत्तरे माल स्वतः देत नाही. प्रयोगशाळा काही विषांचा अंश दाखवू शकेल. पण मालाची सगळी हकिकत ती सांगू शकणार नाही. ती हकिकत कोणीतरी त्या त्या वेळी लिहून ठेवलेली असावी लागते. 'सेंद्रिय' हा शब्द या दुसऱ्या प्रकारच्या पारखेतला आहे.

हे आम्हांस शिकविले ते एका फजितीने. काही वर्षांपूर्वी आमच्या बेळगावच्या पेढीने सेंद्रिय म्हणून गूळ घेतला व परगावी पाठविला. माल उत्तम होता. घेणाऱ्याने एवढेच विचारले की, हा कोणत्या गुऱ्हाळाचा, कोणत्या दिवशीचा, आणि याचा दाखला कोठे आहे? आमच्याजवळ देणाऱ्याच्या तोंडच्या शब्दापलीकडे काहीही नव्हते. माल परत आला. गाडीभाड्याचा तोटा आम्ही विसरलो; परंतु 'आपण जे लिहून दिले ते आपणांस ठाऊक नव्हते' ही बोच राहिली. त्यानंतर आम्ही जगात हा व्यवहार कसा चालतो याचा थोडा अभ्यास केला. त्यांत सर्वांत स्वच्छ उदाहरण आढळले ते उत्तर अमेरिकेतील मेपलच्या काकवीचे. त्याच अभ्यासाचे सार प्रस्तुत लेखात वाचकांपुढे ठेवीत आहो.

झाड आणि त्याचा रस

मेपल हा थंड प्रदेशातला पानगळीचा वृक्ष होय. त्याच्या अनेक जातींपैकी 'शुगर मेपल' ही गोड रसासाठी मुख्य. कॅनडाचा क्वेबेक प्रांत या धंद्याचे माहेरघर असून जगातील सुमारे सत्तर टक्के मेपल-काकवी एकट्या त्या प्रांतात होते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत व्हरमाँट हे संस्थान पहिले आहे. गोरे लोक तेथे येण्यापूर्वीपासून अनिशिनाबे, हौडेनोशोनी इत्यादी मूळ रहिवासी भूर्जसालीच्या भांड्यांत हा रस गोळा करीत व त्याची साखर करीत. युरोपी लोकांनी धातूची भांडी आणली; विद्या मूळ रहिवाशांचीच.

गोव्यातील आमच्या वाचकांना माडाची नीरा व तिचा गूळ परिचयाचा आहे. मेपलचा रसही झाडातूनच मिळतो, परंतु रीत निराळी. येथे कोयता नाही आणि झाडावर चढणेही नाही. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, जेव्हा रात्री पाणी गोठते व दिवसा ऊन पडून बर्फ वितळू लागतो, तेव्हाच हा रस वाहतो. रात्रीच्या थंडीने लाकडातील वायू आकसतो व झाड मुळांतून पाणी वर ओढते. दिवसा ऊब येताच आत दाब वाढतो आणि खोडाला छिद्र असेल तर रस बाहेर ठिबकतो. थंडी सरली, कळ्या फुगू लागल्या की रसाची चव बिघडते आणि हंगाम संपतो. साऱ्या वर्षाची कमाई अशी चार-सहा आठवड्यांत, आणि तीही हवेच्या मर्जीवर.

माणसाच्या छातीच्या उंचीच्या आसपास खोडाला सुमारे आठ मिलिमीटर रुंदीचे व चार-पाच सेंटिमीटर खोलीचे छिद्र पाडून त्यांत तोटी बसवितात. पूर्वी तोटीखाली बादली टांगीत. आता बहुतेक ठिकाणी तोटीला प्लॅस्टिकची नळी जोडून शेकडो झाडांचा रस उताराने एका टाकीत आणतात. पुष्कळ जण पंप लावून नळीतली हवाही ओढून घेतात. छिद्र पाडण्याजोगे झाड व्हावयास साधारणतः चाळीस वर्षे लागतात. म्हणजे आजोबांनी राखलेल्या झाडाचा रस नातवाने काढावयाचा.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढील सर्व नियमांचे मूळ तीत आहे. झाडाला पडलेले छिद्र माणसाच्या जखमेप्रमाणे भरून येत नाही. झाड त्या जागेच्या वरचा व खालचा लाकडाचा उभा पट्टा कायमचा बंद करून टाकते व त्यावर बाजूने नवे लाकूड वाढविते. बंद झालेल्या पट्ट्यातून पुन्हा रस मिळत नाही. म्हणून पुढल्या वर्षीचे छिद्र दूर, निरोगी लाकडात पाडावे लागते. झाड दर वर्षी जेवढे नवे लाकूड घालते त्याहून अधिक लाकूड आपण बंद पाडले, तर ते झाड काही वर्षांनी निकामी होणार हे उघड आहे. व्यापारी भाषेत सांगावयाचे तर वाढीचे व्याज खावे, खोडाचे मुद्दल खाऊ नये.

रसाची काकवी

झाडातून निघालेला रस पाण्यासारखा रंगहीन असतो व त्यात साखरेचे प्रमाण सरासरी दोन टक्के असते. आपल्या उसाच्या रसात साखर किती असते हे ज्यांना ठाऊक आहे त्यांच्या ध्यानात येईल की येथे जळणाचा खर्च किती मोठा असेल. सुमारे चाळीस लिटर रस आटविला म्हणजे एक लिटर काकवी मिळते. या धंद्यात एक जुना ठोकताळा आहे. ८६ या अंकाला रसातील साखरेच्या टक्केवारीने भागावे. जो भागाकार येईल तितके लिटर रस एका लिटर काकवीस लागतो. साखर दोन टक्के असेल तर ४३ लिटर, दीड टक्का असेल तर सुमारे ५७ लिटर. हा ठोकताळा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे हिशेबाच्या तपासणीत तो पुन्हा येणार आहे.

उकळण्याच्या घराला तिकडे 'शुगर हाऊस' म्हणतात. त्याला आपण मेपलचे गुऱ्हाळ म्हणू. आपल्या एका गोल काहिलीऐवजी तेथे लांबट, सपाट, कप्पे पाडलेली काहील असते. एका टोकाने पातळ रस आत येतो आणि दुसऱ्या टोकाला दाट होऊन बाहेर पडतो. १९७० च्या दशकापासून पुष्कळांनी चुलाणावर चढविण्यापूर्वी दाबाने पडद्यातून रस गाळून त्यातले बरेचसे पाणी आधीच काढण्याची यंत्रे बसविली, त्यामुळे जळणाची मोठी बचत झाली. उकळता रस पाण्याच्या उत्कलनबिंदूहून सुमारे चार अंश सेंटिग्रेड वर गेला की काकवी तयार झाली असे समजतात. तेव्हा तीत शेकडा सहासष्ट ते सदुसष्ट भाग साखर असते. याहून पातळ राहिली तर आंबते, याहून दाट झाली तर बरणीच्या तळाशी खडे जमतात. नंतर ती गरम असतानाच गाळून रसातून उतरलेला क्षारांचा गाळ काढतात व गरमच भरतात.

काकवीचा रंग व वास हा उकळण्यातून येतो, बाहेरून काही घालून नव्हे. हंगामाच्या आरंभीची काकवी सोनेरी व सौम्य, अखेरीची गडद व उग्र. पूर्वी फिकी ती वरच्या प्रतीची व गडद ती खालची असा भाव असे. २०१४ नंतरच्या नव्या प्रतवारीत सोनेरी, पिंगट, गडद व अतिगडद या चारही रंगांना 'अ' प्रतच दिली जाते. फरक केवळ रंगाचा व चवीचा सांगितला जातो. ही व्यवस्था आम्हांस विचार करण्याजोगी वाटते. कारण फिक्या रंगाला अधिक भाव दिला की रंग फिका करण्याच्या युक्त्या निघतातच. आपल्याकडे पिवळ्याधमक गुळाच्या हौसेपायी काहिलीत किती ठिकाणी हायड्रोस पावडर पडते हे अडत बाजारात बसणाऱ्यांना सांगावयास नको.

नावाचा मोह आणि भेसळ

मेपलच्या इतिहासातील दोन प्रसंग व्यापाऱ्याने अवश्य जाणावेत. पहिला अठराव्या शतकाच्या अखेरीचा. त्या वेळी वेस्ट इंडीजमधील उसाची साखर गुलामांच्या श्रमातून येत असे. अमेरिकेतील गुलामगिरीच्या विरोधकांनी, त्यांत फिलाडेल्फियाचे डॉक्टर बेंजामिन रश हे प्रमुख होते, मेपलची साखर वापरण्याचा प्रचार केला. जिभेला दोन्ही साखरा गोडच होत्या. फरक होता तो मालामागच्या हकिकतीचा. तो प्रचार व्यापारदृष्ट्या फार चालला नाही. तथापि 'माल कसा झाला' हा प्रश्न ग्राहकाने विचारणे ही काही आजची फॅशन नव्हे, एवढे त्यावरून दिसते.

दुसरा प्रसंग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. उसाची साखर स्वस्त झाली, मेपलची साखर मागे पडली व मेपलची काकवी ही हौसेची वस्तू झाली. हौसेच्या वस्तूला भाव येतो आणि भावापाठोपाठ भेसळ येते. उसाच्या व मक्याच्या पाकात थोडी मेपल-काकवी मिसळून 'शुद्ध मेपल' म्हणून विक्री होऊ लागली. १९०६ साली अमेरिकेत अन्न व औषधांच्या शुद्धतेचा कायदा झाला, तेव्हा असे खोटे नाव देणे गुन्हा ठरले. आजही तिकडे व आपल्या दुकानांतही 'मेपलच्या चवीचे सिरप' अशी बाटली मिळते. ती बहुधा मक्याच्या पाकाची असते. खऱ्या मेपल-काकवीच्या बाटलीवर घटकद्रव्य एकच लिहिलेले असते. खरेदी करताना आपल्या घरातील मंडळींनी समोरील चित्र न पाहता मागील बारीक अक्षरे वाचावीत.

जंगलातील झाड सेंद्रिय कसे?

आता मुख्य विषयाकडे वळू. कोणीही विचारील की, जंगलातील मेपलला खत नाही, नांगरणी नाही, फवारणी बहुधा नाही. मग सगळीच मेपल-काकवी सेंद्रिय नव्हे काय? हा प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे उत्तर शिकण्यासारखे आहे. सेंद्रिय म्हणजे केवळ 'विष घातले नाही' असे नव्हे. सेंद्रिय म्हणजे कशी राखण केली हे ठरावीक नियमांनी बांधून घेणे आणि ते पाळल्याचे दाखविणे.

अमेरिकेत १९९० च्या कायद्याखालील राष्ट्रीय नियम २००२ पासून अमलात आले. कॅनडाचे राष्ट्रीय मानक असून तेथील केंद्रीय नियम २००९ पासून लागू आहेत. क्वेबेक प्रांतात तर 'सेंद्रिय' हा शब्दच कायद्याने राखीव आहे. मान्यताप्राप्त संस्थेच्या दाखल्यावाचून तो वापरता येत नाही. व्हरमाँटमध्ये तेथील सेंद्रिय शेतकऱ्यांची 'व्हरमाँट ऑरगॅनिक फार्मर्स' ही संस्था हे काम करते. संस्थांचे बारकावे निरनिराळे असले तरी नियमांचा गाभा एकच आहे. तो असा:

प्रथम रानासंबंधी. दाखला मागण्यापूर्वीची तीन वर्षे त्या रानात कोणतेही वर्ज्य रसायन पडलेले नसावे. रानाचा नकाशा व राखणीची योजना लिहून द्यावी. शेजारच्या शेतात फवारणी होत असेल तर मध्ये पुरेसे अंतर सोडावे. केवळ मेपल ठेवून बाकीची झाडे तोडून टाकणे चालत नाही. इतर जातींची झाडेही राखावी लागतात, कारण एकाच जातीचे रान कीड व रोग यांना लवकर बळी पडते.

दुसरे झाडासंबंधी. कोवळ्या झाडाला हात लावावयाचा नाही. साधारणतः वीस ते पंचवीस सेंटिमीटरहून कमी व्यासाच्या झाडाला छिद्र पाडीत नाहीत. झाड जाड असले तरी छिद्रांची संख्या मर्यादित असते. छिद्र लहान असावे, हंगाम संपताच तोटी काढून घ्यावी, म्हणजे झाडाला जखम मिटविता येते. छिद्रात कोणतेही जंतुनाशक घालू नये. हा शेवटचा नियम एका चुकीतून आलेला आहे. १९६० च्या दशकात छिद्रात पॅराफॉर्माल्डिहाइडची गोळी घालण्याची रीत पडली. गोळीमुळे छिद्र बंद होण्यास वेळ लागे व रस अधिक दिवस मिळे. त्या वर्षीचे उत्पन्न वाढले. परंतु पुढे दिसून आले की जखम मिटविण्याची झाडाची शक्तीच गोळीने मारली जात होती व आत लाकूड कुजत होते. अखेरीस दोन्ही देशांत त्या गोळीवर बंदी आली. एका हंगामाच्या अधिक रसासाठी चाळीस वर्षांच्या झाडाचे आयुष्य गहाण टाकण्याचा तो व्यवहार होता.

तिसरे भांड्यांसंबंधी. जुन्या काहिलींचे व बादल्यांचे सांधे शिशाच्या डाखाने जोडलेले असत. ते शिसे रसात उतरे. म्हणून आता स्टेनलेस स्टीलची किंवा खाद्यपदार्थास योग्य अशीच भांडी लागतात. नळ्या धुण्यास काय वापरले, गाळण्याचे साधन कोणते, हेही लिहावे लागते. काकवीचा रंग उजळविण्यासाठी काहीही घालणे मना आहे. आणि एकाच गुऱ्हाळात सेंद्रिय व साधा असे दोन्ही रस शिजत असतील तर टाक्या, वेळा, डबे व वह्या वेगळ्या ठेवल्याच पाहिजेत.

मळी, फेस आणि खाणाऱ्याचा प्रश्न

आपल्या घरांतून मध वर्ज्य आहे. परदेशी राहणारी आपली मुले-नातवंडे त्याऐवजी मेपल-काकवी वापरतात. आणि झाडाचा रस म्हणून ती निःशंकपणे घेतात. यात चूक नाही. तरीही एक बारीक गोष्ट सांगितली पाहिजे.

उकळता रस फेसाने वर येतो व उतू जाऊ पाहतो. आपल्या गुऱ्हाळात यासाठी तेलाचे चार थेंब टाकतात. तिकडे जुन्या काळी काहिलीवर डुकराच्या चरबीचा तुकडा दोरीने टांगून ठेवीत. फेस त्याला लागला की खाली बसे. कोणी लोणी, कोणी साय टाकी. पुढे रासायनिक फेसनाशके आली. कॅनडाच्या सेंद्रिय मानकात कृत्रिम फेसनाशक मना असून त्याऐवजी सेंद्रिय वनस्पती-तेल, किंवा पट्टेदार सालीच्या मेपलचे लाकूड वापरण्यास मुभा आहे. सूर्यफुलासारखे तेल ही आज सेंद्रिय गुऱ्हाळांतील नेहमीची गोष्ट आहे.

परंतु सर्वच देशांत व सर्वच गुऱ्हाळांत तेलच वापरतात असे धरून चालू नये. सेंद्रिय पद्धतीचे लोणी हेही 'सेंद्रिय'च असते. तेव्हा 'सेंद्रिय' हा शब्द आपल्या आहारनियमाचा पर्याय नव्हे. तो एका प्रश्नाचे उत्तर देतो, सर्व प्रश्नांचे नव्हे. फेसनाशकाची मात्रा इतकी अल्प असते की बाटलीवर ती दिसणार नाही. ज्याला हे जाणून घ्यावयाचे असेल त्याने उत्पादकालाच विचारावे. आणि येथेच दाखल्याचा उपयोग होतो. कारण दाखला असलेल्या गुऱ्हाळाला काहिलीत काय टाकले हे लिहून ठेवणे भाग असते. विचारले तर सांगता येते. ज्याची वहीच नाही त्याचे उत्तर हे केवळ तोंडचे उत्तर होय.

हिशेबाची तपासणी

दाखला देणाऱ्या संस्थेचा निरीक्षक वर्षातून निदान एकदा येतो. तो रानात फिरतो, छिद्रे मोजतो, झाडांचे व्यास पाहतो, काहिलीखाली वाकून सांधे बघतो. परंतु त्याच्या कामाचा खरा भाग टेबलाशी बसून होतो. तो वह्या मागतो.

समजा, एका रानात ४,००० छिद्रे आहेत. हंगामात रस आला १,७२,००० लिटर आणि त्यात साखर सरासरी दोन टक्के. वर दिलेल्या ठोकताळ्याने ४३ लिटरांस एक लिटर, म्हणजे काकवी झाली सुमारे ४,००० लिटर. लिटरचे वजन साधारण एक किलो तीनशे वीस ग्रॅम धरले तर ५,२८० किलो. आता विक्रीच्या पावत्यांची बेरीज, शिल्लक डब्यांचे वजन व सांडलवंड मिळून हाच आकडा थोड्या फरकाने आला पाहिजे. पावत्या ६,५०० लिटरांच्या निघाल्या तर निरीक्षक एकच प्रश्न विचारील: उरलेले २,५०० लिटर कोणत्या झाडांनी दिले?

या एका प्रश्नात सेंद्रिय दाखल्याचे सारे मर्म आहे. चव घेऊन जे कळले नसते ते बेरजेने कळते. हे काही नवे शास्त्र नव्हे. आवक, जावक व शिल्लक यांचा मेळ घालणे हे आपण रोज सायंकाळी रोकड मोजताना करतोच. सेंद्रिय व्यवहारात रोकडीच्या जागी माल येतो, इतकेच. प्रत्येक डब्यावर लॉट नंबर असतो. त्या नंबरावरून कोणत्या दिवशीचे उकळणे, कोणत्या टाकीतला रस, कोणता रानाचा भाग, इथपर्यंत उलट चालत जाता आले पाहिजे. एक कडी जरी निसटली तरी तो डबा साध्या भावाने विकावा लागतो.

मात्र कागदाचा मेळ पुरेसा आहे असेही समजू नये. क्वेबेकच्या उत्पादक संघाने २००० साली मेपल-काकवीचे राखीव भांडार सुरू केले, सुगीच्या वर्षी साठवावी व तुटीच्या वर्षी काढावी या हेतूने. २०१२ साली साठ्याची मोजदाद करताना एका कोठारातील पिंपे रिकामी किंवा पाण्याने भरलेली आढळली. सुमारे तीन हजार टन काकवी, किंमत सुमारे एक कोटी ऐंशी लक्ष कॅनेडियन डॉलर, चोरीस गेली होती. वहीत पिंपांची संख्या बरोबर होती. ही चोरी पुढे न्यायालयात गेली व गुन्हेगारांस शिक्षाही झाल्या. आपण त्यातून घ्यावयाचा बोध एवढाच की वही आणि वखार या दोन्हींवर डोळा ठेवावा लागतो.

आणखी एक मुद्दा थेट आपल्या वर्गाशी संबंधित आहे. सेंद्रिय मालात खोटेपणा शिरतो तो बहुधा रानात नव्हे, तर मधल्या हातांत, जेथे सुटा माल पोत्यांतून पोत्यांत, डब्यांतून डब्यांत जातो. अमेरिकेने २०२३ साली यासाठी नियम कडक केले व ते मार्च २०२४ पासून लागू झाले. त्यानुसार सुट्या सेंद्रिय मालाची दलाली, आयात व निर्यात करणाऱ्या बहुतेकांना स्वतःचा दाखला घ्यावा लागतो. पूर्वी 'माल माझ्या हाताला लागला नाही, मी केवळ सौदा जुळविला' असे म्हणून सुटता येई. ते दिवस गेले.

आपल्या पेढीवर

आता घरी परत येऊ. आपल्याकडे निर्यातीच्या सेंद्रिय मालासाठी २००१ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे व त्याचा कारभार अपेडा पाहते. देशातील विक्रीसाठी २०१७ चे सेंद्रिय अन्नाचे नियम असून 'जैविक भारत' हे चिन्ह त्यातूनच आले. अमेरिकेने २००६ पासून भारताच्या या व्यवस्थेने दिलेला दाखला मान्य केला होता. जानेवारी २०२१ मध्ये तिने ती मान्यता मागे घेतली आणि जुलै २०२२ पासून अमेरिकेस जाणाऱ्या मालाला तिच्या नियमांखाली थेट मान्यता असलेल्या संस्थेचा दाखला आवश्यक झाला. देखरेख पुरेशी नाही असा त्यामागे आक्षेप होता. या फेऱ्यात खोटे करणाऱ्यांबरोबर खरे काम करणारे शेतकरी व व्यापारीही सापडले. त्यांनाही नव्याने खर्च करून दाखले काढावे लागले. एकाने बुडविलेली पत सर्वांना भरून द्यावी लागते, हे हुंडीच्या काळापासून आपण पाहत आलो आहो.

कोल्हापूर-बेळगाव भागातील गूळ व मेपलची काकवी ही नात्याने बहिणी आहेत. आपला गुळव्याही भेंडीच्या पाण्याने मळी काढतो, तोही रसाची तार पाहून काहील उतरवितो. कौशल्यात आपण कोठेही उणे नाही. उणे आहे ते लिहिण्यात. ऊस कोणाचा, त्याला खत कोणते, रस किती निघाला, ढेपा किती पडल्या, चुना किती, भेंडी किती, त्या दिवशी काहिलीजवळ दुसरा ऊस आला होता काय, हे पान जर गुऱ्हाळावरच रोज लिहिले गेले, तर अडतीवर येणाऱ्या ढेपेला आपोआप जीभ फुटेल. ते पान गुळव्या एकटा लिहिणार नाही. ज्याला माल घ्यावयाचा आहे त्याने ते मागितले पाहिजे, आणि जो लिहितो त्याला दोन पैसे अधिक दिले पाहिजेत. क्वेबेकमध्ये सेंद्रिय काकवीला पौंडामागे काही सेंट अधिक मिळतात. रक्कम लहान आहे. पण ती ठरलेली आहे म्हणूनच वही लिहिली जाते.

अचौर्यव्रताच्या अतिचारांत 'प्रतिरूपक व्यवहार' सांगितला आहे, म्हणजे एकासारखा दिसणारा दुसरा माल त्या नावाने देणे. पूर्वी हा दोष जाणूनबुजून भेसळ करणाऱ्याचाच मानला जाई. सेंद्रियतेच्या बाबतीत मात्र न विचारता विकणाराही त्याच दाराशी येऊन उभा राहतो. आमची ती गुळाची गाडी परत आली तेव्हा आमच्या मनात कपट नव्हते. परंतु आमच्या वहीत सत्यही नव्हते.

सभासदांच्या सोयीसाठी या पाठाची सूत्रे येथे एकत्र देतो.

१. जो गुण डोळ्यांना दिसत नाही तो लेखी पुराव्यावाचून विकू नये.

२. दाखला हातात आला म्हणजे काम झाले असे नव्हे. तो कोणाच्या नावाचा, कोणत्या मालाचा व किती मुदतीचा हे वाचावे. आणि प्रत्येक सौद्याचा व्यवहार-दाखला मागून घ्यावा.

३. आलेला सेंद्रिय माल व विकलेला सेंद्रिय माल यांचा मेळ हंगामाअखेर घालावा. विक्री जास्त निघाली तर चूक शोधावी, झाकू नये.

४. सेंद्रिय व साधा माल एका थप्पीत ठेवू नये. बारदान, जागा व वही वेगळी असावी.

५. 'सेंद्रिय' व 'शाकाहारी' हे दोन वेगळे प्रश्न आहेत; दोन्ही वेगवेगळे विचारावेत.

६. मुद्दल खाऊन मिळविलेला हंगामाचा नफा हा नफा नव्हे, मग ते मुद्दल झाडाचे असो, जमिनीचे असो वा पेढीच्या नावाचे असो.

त्या फजितीनंतर आम्ही पेढीवर एक वेगळी वही घातली. तिच्या पहिल्या वर्षी केवळ तीन गुऱ्हाळांची नावे होती, कारण लिहून देण्यास तेवढेच तयार झाले. आज ती यादी थोडी वाढली आहे. माल थोडा आहे, पण 'कोणत्या गुऱ्हाळाचा, कोणत्या दिवशीचा' असे कोणी विचारले तर आम्ही पान उघडून दाखवितो.